लघुलहरी रिसीव्हरमध्ये मिक्सर म्हणून ॲनालॉग स्विच: कोणती चिप घ्यावी आणि ती घरच्या बाकावर कशी पारखावी?

प्रश्न : कृष्णाकाठ

नमस्कार. कऱ्हाडला राहत्या घरी मी ४० मीटरच्या हॅम (हौशी रेडिओ) पट्ट्यासाठी एक डायरेक्ट कन्व्हर्जन, म्हणजे रेडिओ सिग्नल थेट ध्वनीत उतरवणारा, रिसीव्हर बांधला आहे. मिक्सर (येणारा सिग्नल आणि लोकल ऑसिलेटर यांच्या फरकाची लहर काढणारा भाग) म्हणून एसए६१२ ही चिप, मागे एनई५५३२ वर उभारलेला ध्वनिवर्धक आणि लोकल ऑसिलेटर (रिसीव्हरमधलाच लहर निर्माण करणारा भाग) म्हणून एसआय५३५१ चे तयार मॉड्यूल, एवढाच त्याचा पसारा आहे. दिवसा तो समाधानकारक चालतो. पुणे, बेळगाव, कधीकधी हैदराबादकडची स्टेशनेही स्वच्छ ऐकू येतात. मात्र दिवस मावळला की ७.२ मेगाहर्ट्‌झच्या वरच्या प्रसारण पट्ट्यातली जबरदस्त केंद्रे जागी होतात आणि ट्यूनिंगची कळ कुठेही फिरवली तरी मागे कुठल्या तरी परदेशी केंद्राचे बातमीपत्र चालूच राहते. अँटेनाजवळ १० डेसिबलचा ॲटेन्युएटर (सिग्नल घटवणारे मंडल) लावला की हा उपद्रव पुष्कळ कमी होतो, पण त्याबरोबर दुबळी स्टेशनेही बुडतात.

एसए६१२ चा तिसऱ्या क्रमाचा इंटरसेप्ट बिंदू, म्हणजे बलवान सिग्नल सोसण्याच्या ताकदीचे माप (जितके जास्त तितके बरे), उणे १५ डीबीएमच्या (१ मिलिवॉटच्या तुलनेतले डेसिबल) आसपास आहे, हे तिच्या डेटाशीटवरून दिसतेच. डायोड रिंग, म्हणजे चार डायोडांचा मिक्सर, त्याहून पुष्कळ सरस असली तरी तिला ७ डीबीएमचा ऑसिलेटर पुरवावा लागतो आणि त्यासाठी एक वर्धक वाढवावा लागतो. म्हणून ॲनालॉग स्विच, म्हणजे नियंत्रण पिनच्या इशाऱ्यावर सिग्नलची वाट उघडझाप करणारी चिप, मिक्सर म्हणून वापरण्याचा विचार केला. सीडी४०६६ आणि ७४एचसी४०५३ या चिपा पुण्याहून आणल्या, तर एफएसटी३२५३ आणि ७४एचसी४०६६ टपालाने मागवल्या. माझ्याकडे २० मेगाहर्ट्‌झचा जुना ऑसिलोस्कोप, नॅनोव्हीएनए (फिल्टर, ॲटेन्युएटर वगैरे मोजणारे छोटे उपकरण), साधा मल्टिमीटर आणि लॅपटॉपचे साउंड कार्ड आहे. स्पेक्ट्रम ॲनालायझर नाही आणि घेण्याची ऐपतही नाही.

कानाने ऐकून 'ही चिप बरी वाटते' असे ठरवणे मला पटत नाही, कारण संध्याकाळी दर दहा मिनिटांनी वातावरणच बदलते आणि काल ऐकलेल्याची आज ऐकलेल्याशी तुलना करता येत नाही. तेव्हा आहे त्या साधनांत या चिपांची विश्वासार्ह चाचणी कशी घ्यावी, आणि चाचणीपूर्वीच बाद करण्याजोगी एखादी चिप यात आहे का, हे जाणकारांनी सांगावे. (घरी 'मिक्सर तपासतोय' असे सांगितले की चटणी कधी होणार अशी चौकशी होते, त्यामुळे निकाल लवकर लागलेला बरा.)


उत्तर १ : डाग आणि तार

कृष्णाकाठ यांस, एक चिप आपण सोल्डरिंग आयर्न तापवण्यापूर्वीच बाजूला ठेवू शकता. सीडी४०६६ च्या डेटाशीटमध्ये नियंत्रण पिनवर जास्तीत जास्त किती वेगाने उघडझाप करावी याचा आकडा दिलेला असतो. ५ व्होल्टवर तो सुमारे ६ मेगाहर्ट्‌झ आणि १५ व्होल्टवरही १० मेगाहर्ट्‌झच्या आतच आहे. आपल्याला ७ मेगाहर्ट्‌झवर काम करायचे आहे, जिथे अर्धे आवर्तन जेमतेम ७० नॅनोसेकंदांचे असते. त्यात तिचा चालू स्थितीतला रोध ५ व्होल्टवर काही शे ओहम भरतो. ८० मीटरच्या एखाद्या शिकाऊ रिसीव्हरसाठी ती चालून जाते आणि ध्वनीच्या कामाला उत्तम आहे, पण या स्पर्धेत तिला उतरवू नका.

रोधाचा हिशेब एकदा कागदावर मांडला म्हणजे उरलेल्या चिपांविषयी बरेच कळते. सिग्नलची दिशा आलटून पालटून उलटी करणारा दुहेरी समतोल मिक्सर आपण बांधला, तर कोणत्याही क्षणी सिग्नलच्या वाटेत दोन स्विच एकापुढे एक असतात. चौकोनी लहरीने गुणल्यामुळे होणारी मूळ घट २ भागिले पाय, म्हणजे ३.९ डेसिबल, ही कुणालाच चुकत नाही. तिच्यावर दोन स्विचांच्या रोधाची घट चढते. उगम आणि भार दोन्ही ५० ओहमचे धरले तर ५ ओहमच्या एफएसटी जातीत ती ०.८ डेसिबल, ५० ओहमच्या एचसी जातीत ६ डेसिबल आणि ३०० ओहमच्या ४०६६ मध्ये जवळपास १७ डेसिबल येते. एवढ्यावरून एचसी४०५३ ला नापास करू नका. तिच्या दोन्ही अंगांना १:४ चे ट्रान्सफॉर्मर लावून मंडल २०० ओहमवर नेले, तर तीच ६ डेसिबलची घट २ डेसिबलच्या आत येते आणि एकूण घट ५.८ डेसिबल, म्हणजे चांगल्या डायोड रिंगइतकीच, राहते. 

मात्र घट आणि विरूपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोध कितीही मोठा असला तरी तो सिग्नलच्या चढउताराबरोबर बदलत नसेल, तर त्यातून इंटरमॉड्युलेशन, म्हणजे दोन सिग्नल मिळून खोटे सिग्नल उपजणे, होत नाही. सिग्नल केवळ लहान होतो. घातक असतो तो सिग्नलच्या व्होल्टेजनुसार बदलणारा रोध. म्हणून पहिली चाचणी रेडिओ वारंवारतेची नव्हे, तर चक्क डीसीची करा आणि तिला मल्टिमीटर पुरतो. चिपला ५ व्होल्ट द्या, एक स्विच कायम चालू ठेवा, ९ व्होल्टची एक वेगळी बॅटरी आणि ८.२ किलोओहमचा रेझिस्टर त्या स्विचच्या दोन टोकांना जोडा. आता स्विचमधून साधारण १ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो, आणि त्याच्या दोन टोकांमधले जितके मिलिव्होल्ट, जवळपास तितकेच ओहम. बॅटरी अधांतरी असल्यामुळे स्विचचे एक टोक पोटेन्शिओमीटरने शून्यापासून ४ व्होल्टपर्यंत हवे तिथे नेता येते. दर अर्ध्या व्होल्टला नोंद घेऊन आलेखकागदावर रेघ काढा.

एचसी जातीत एन आणि पी असे दोन्ही जातींचे मॉसफेट (ट्रान्झिस्टरचा एक प्रकार) समांतर असतात, त्यामुळे रेघ मध्यावर फुगते आणि दोन्ही कडांना उतरते. एफएसटी जातीत फक्त एन-चॅनल मॉसफेट असतो. त्यामुळे रोध खालच्या व्होल्टेजला कमी आणि सपाट असतो, मग वाढत जातो आणि ४ व्होल्टच्या अलीकडेच तो स्विच जवळजवळ बंद पडतो. याचा अर्थ असा की, अर्ध्या पुरवठ्यावर, म्हणजे अडीच व्होल्टवर, बायस (सिग्नल ज्याभोवती हलतो ते स्थिर व्होल्टेज) ठेवण्याची आपली जी सवय आहे ती एचसीला शोभते, पण एफएसटीसाठी दीड ते दोन व्होल्टच्या दरम्यान कुठेतरी अधिक सपाट जागा सापडते. फार खालीही जाऊ नये, कारण मोठा सिग्नल शून्याखाली गेला की चिपमधले डायोड वाहू लागतात.


उत्तर २ : टोरॉइडवाला

वरील उत्तरात एक पुरवणी जोडतो. एफएसटी३२५३ चार कलांचा (एका आवर्तनाचे चार भाग पाडून सिग्नल टिपणारा) डिटेक्टर म्हणून आणि एचसी४०५३ ट्रान्सफॉर्मरच्या मिक्सरमध्ये लावून त्यांची तुलना केली, तर ती चिपांची तुलना होत नाही, मांडण्यांची होते. डॅन टेलो यांच्या चार कलांच्या डिटेक्टरमध्ये, ज्याचे अमेरिकी पेटंट २००१ साली मिळाले आणि जो पुढे एफएसटी३२५३ मुळे घरोघरच्या एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या रेडिओच्या) किटांत पोहोचला, स्विचमागचे कपॅसिटर अँटेनाच्या रोधाशी मिळून स्वतःच एक अरुंद फिल्टर बनतात. ५० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड धरले, तर त्याचा पट्टा मध्याच्या दोन्ही बाजूंना जेमतेम ८ किलोहर्ट्‌झ भरतो. त्यामुळे २०० किलोहर्ट्‌झ दूरचे केंद्र मागच्या ऑपॲम्पपर्यंत (आपल्याकडे एनई५५३२) पोहोचण्यापूर्वीच पुष्कळ दबते. हा गुण चिपचा नाही, त्या मांडणीचा आहे. 

न्याय्य तुलना हवी असेल तर ३२५३ ची एक निवड-पिन जमिनीला बांधा. मग तिचे दोन्ही भाग साधे 'इकडे किंवा तिकडे' असे स्विच होतात, आणि एचसी४०५३ च्या तीनपैकी दोन भागांच्या जागी, त्याच ट्रान्सफॉर्मरसह, ती बसवता येते.


उत्तर ३ : चिंचवडचा श्रोता

आपल्या प्रश्नाच्या दोन बाजू वेगळ्या करणे मला आवश्यक वाटते, कारण आपले दुखणे एक आणि आपण वाचलेला आकडा दुसऱ्याच दुखण्याचा, असे येथे झाले आहे. तिसऱ्या क्रमाचा इंटरसेप्ट बिंदू हा दोन बलवान सिग्नल मिळून तिसऱ्याच जागी खोटा सिग्नल निर्माण करतात त्याचे माप आहे. ट्यूनिंग कुठेही असले तरी एकच कार्यक्रम ऐकू येणे हे मात्र दुसऱ्या क्रमाचे लक्षण आहे: मिक्सर किंवा त्यामागचा ऑपॲम्प त्या केंद्राची एएम लहर डायोडप्रमाणे सरळ शोधून काढतो, आणि ऐकू येणारा कार्यक्रम लोकल ऑसिलेटरच्या वारंवारतेवर अवलंबून नसतो. म्हणून चाचण्या दोन घ्याव्या लागतील, परंतु मांडणी एकच पुरेल.

त्यासाठी दोन स्फटिक ऑसिलेटर बांधा, प्रत्येकामागे बफर, मग ७ मेगाहर्ट्‌झचा लो-पास फिल्टर आणि मग १० डेसिबलचा ॲटेन्युएटर ठेवा. ही दोन्ही टोके टोरॉइडवर (कडीच्या आकाराच्या चुंबकीय गाभ्यावर) गुंडाळलेल्या हायब्रिड जोडणीत, म्हणजे दोन उगमांना एकमेकांत शिरू न देता जोडणाऱ्या मंडलात, एकत्र आणा आणि तिच्यापुढे टप्प्याटप्प्याने बदलता येणारा ॲटेन्युएटर लावा. एसआय५३५१ चेच उरलेले दोन आउटपुट यासाठी वापरण्याचा मोह होईल, तो आवरा. त्यातून चौकोनी लहर येते आणि एका चिपमधले आउटपुट एकमेकांत झिरपतात. प्रत्येक ऑसिलेटर स्वतंत्र पत्र्याच्या डबीत असावा. मी चहापत्तीचे डबे वापरले आहेत आणि त्यांना डाग छान बसतो.

पहिली चाचणी तिसऱ्या क्रमाची. समजा स्फटिक ७०३० आणि ७०५० किलोहर्ट्‌झचे आहेत. त्यांचे खोटे अपत्य ७०१० वर येईल. लोकल ऑसिलेटर ७००९ वर ठेवला की ते १ किलोहर्ट्‌झच्या शिट्टीच्या रूपाने ऐकू येते, आणि मूळचे दोन सूर २१ व ४१ किलोहर्ट्‌झवर, म्हणजे ध्वनीच्या बाहेर, राहतात. साउंड कार्डवर या शिट्टीची पातळी टिपून ठेवा. मग एक ऑसिलेटर बंद करून लोकल ऑसिलेटर ७०२९ वर न्या, जेणेकरून खरा सूर १ किलोहर्ट्‌झवर येईल, आणि तो मघाच्या पातळीवर उतरेपर्यंत ॲटेन्युएटर वाढवत जा. जितके डेसिबल वाढवावे लागले, तितका फरक. त्या फरकाचा निम्मा सुरांच्या पातळीत मिळवला की इंटरसेप्ट बिंदू मिळतो. सूर प्रत्येकी उणे १० डीबीएमचे आणि फरक ६६ डेसिबल असेल, तर उत्तर अधिक २३ डीबीएम. उणे १० डीबीएम म्हणजे ५० ओहमवर शिखरापासून शिखरापर्यंत २०० मिलिव्होल्ट. ते आपल्या जुन्या ऑसिलोस्कोपवरही नीट वाचता येईल. या रीतीत साउंड कार्डची अचूकता लागत नाही, कारण दोन्ही वेळा आपण एकाच वारंवारतेवर एकच पातळी जुळवत असतो. सगळी भिस्त ॲटेन्युएटरवर असते, आणि तो नॅनोव्हीएनएने तपासून घेता येतो.

ही मोजणी खरी की खोटी हे ठरवणारी एक कसोटी आहे आणि ती गाळून घेतलेल्या कोणत्याही आकड्यावर मी स्वतः विश्वास ठेवत नाही. हायब्रिडनंतर ३ डेसिबलची घट वाढवा. खोटा सिग्नल मिक्सरमध्ये जन्मत असेल तर तो ९ डेसिबलने पडला पाहिजे. तो नुसता ३ डेसिबलने पडला, तर त्याचा जन्म आपल्या ऑसिलेटरांमध्येच झाला आहे आणि आपण चिप नव्हे, आपलीच मांडणी मोजत आहात. शिवाय एकच सूर चालू असताना लोकल ऑसिलेटर थोडा बाजूला नेल्यावर नुसती खरखर वाढत असेल, तर तो लोकल ऑसिलेटरचा कला-गोंगाट (त्याच्या लहरीतल्या सूक्ष्म थरथरीचा आवाज) आहे. त्याचा दोष स्विचला देऊ नये.

दुसरी चाचणी आपल्या मूळ तक्रारीची. ७३७२.८ किलोहर्ट्‌झचे दोन स्फटिक बाजारात सहज मिळतात, कारण ते सीरियल पोर्टच्या मंडलांत वापरले जात. ट्रिमरने एकाला दुसऱ्यापासून १ किलोहर्ट्‌झ सरकवा. ही जोडी मिक्सरच्या दृष्टीने एएम केंद्रासारखीच वागते. लोकल ऑसिलेटर ७.१ मेगाहर्ट्‌झवर ठेवल्यावर १ किलोहर्ट्‌झची शिट्टी आली आणि ऑसिलेटर इकडेतिकडे केल्यावरही तिचा सूर तसाच राहिला, तर तोच आपला बातमीपत्रवाला. येथे ३ डेसिबलची घट वाढवल्यावर शिट्टी ६ डेसिबलने पडली पाहिजे. त्यानंतर लोकल ऑसिलेटर पूर्ण थांबवून स्विच एका स्थितीत ठेवा. शिट्टी तरीही येत असेल, तर ती ऑपॲम्पच्या प्रवेशातच शोधली जात आहे आणि जगातली कोणतीही मिक्सर चिप बदलून ती जाणार नाही. ऑपॲम्पपूर्वी रेझिस्टर आणि कपॅसिटरची आडकाठी घालावी लागेल.


कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण ही मांडणी उभी करण्यातच दोन रविवार गेले.

डीसीच्या चाचणीने आधी एक वेगळीच गोष्ट उघड केली. टपालाने आलेल्या, ७४एचसी४०६६ असे ठळक छापलेल्या चिपेचा रोध ५ व्होल्टवर तीनशेच्या वर भरला आणि तिची रेघ शेजारच्या सीडी४०६६ च्या रेघेवर जवळजवळ तंतोतंत बसली. आत जुनी चिप आणि वर नवे नाव, याखेरीज दुसरा अर्थ मला लावता येत नाही. दहा चिपा घेतल्या होत्या, दहाही तशाच. एफएसटी३२५३ मात्र अस्सल निघाली: १ व्होल्टजवळ ४ ओहम, अडीच व्होल्टला ६ च्या पुढे, आणि नंतर झपाट्याने वर.

दोन सुरांच्या पहिल्या मोजणीत तिन्ही मिक्सरांना उत्तर जवळपास सारखेच आले आणि मी चक्रावलो. चिंचवडच्या श्रोत्यांची ३ डेसिबलची कसोटी लावल्यावर खोटा सिग्नल बरोबर ३ डेसिबलनेच पडला. हायब्रिडच्या चौथ्या टोकावरचा तोल राखणारा रेझिस्टर मी विसरलो होतो, त्यामुळे दोन्ही ऑसिलेटर एकमेकांत शिरत होते. तो बसवल्यावर आणि १० ऐवजी १६ डेसिबलचे ॲटेन्युएटर ठेवल्यावर घट ९ च्या जवळ आली. दोन डेसिबल इकडेतिकडे धरून आलेले आकडे असे: एसए६१२ उणे १६, एचसी४०५३ (२०० ओहम मंडलात, अडीच व्होल्ट बायस) अधिक १९, त्याच मांडणीत ५० ओहमवर एफएसटी३२५३ अडीच व्होल्टला अधिक २३, आणि बायस १.७ व्होल्टवर आणल्यावर अधिक २७.

पण दुसऱ्या चाचणीत एचसी४०५३ ने निराशा केली. बातमीपत्राची शिट्टी एसए६१२ पेक्षाही मोठी! लोकल ऑसिलेटर थांबवला की ती नाहीशी होते, म्हणजे दोष ऑपॲम्पचा नाही. एफएसटी३२५३ मध्ये तीच शिट्टी ऐकूही येत नाही इतकी लहान आहे. मग एचसीमध्ये असे काय बिनसले असावे?


डाग आणि तार

आपण एसआय५३५१ चे आउटपुट थेट एचसी४०५३ च्या नियंत्रण पिनला दिले असावे, असा माझा अंदाज आहे. ते आउटपुट ३.३ व्होल्टचे असते. ५ व्होल्टवर चालणाऱ्या एचसी जातीला मात्र 'वर' हे ओळखण्यासाठी पुरवठ्याच्या ७० टक्के, म्हणजे साडेतीन व्होल्ट, हमीने लागतात. चिप तरीही चालते, कारण तिचा प्रत्यक्ष उंबरठा मध्याजवळ असतो, पण ३.३ व्होल्टची लहर तो उंबरठा आपल्या माथ्याजवळ ओलांडते, त्यामुळे एक स्थिती जास्त वेळ आणि दुसरी कमी वेळ टिकते. दुहेरी समतोल मिक्सरचा सगळा समतोल या दोन वेळा सारख्या असण्यावर उभा आहे. वेळ ढळली की सम क्रमाची विरूपणे उसळतात आणि आपली शिट्टी सम क्रमाचीच आहे. एफएसटी जातीला मात्र २ व्होल्टच 'वर' म्हणून पुरतात, म्हणून ती या फेऱ्यातून सुटली.

उपाय स्वस्त आहे. एसआय५३५१ दुप्पट वारंवारतेवर, म्हणजे १४.२ मेगाहर्ट्‌झच्या आसपास, चालवा आणि मध्ये ७४एसीटी७४ चा एक फ्लिप-फ्लॉप (वारंवारता निम्मी करणारे अंकीय मंडल) ठेवा. एसीटी जात ३.३ व्होल्ट बिनतक्रार स्वीकारते, ५ व्होल्टच्या उभ्या कडा देते, आणि दोनने भागल्यामुळे दोन्ही अर्धी आवर्तने आपोआप सारखी होतात. येणाऱ्या लहरीचा आकार कसाही असो. 

बायसविषयी एक गोष्ट राहिली होती. एचसी४०५३ ला सातव्या पिनवर ऋण पुरवठा देता येतो. अधिक ५ आणि उणे ५ व्होल्ट दिले तर सिग्नल शून्य व्होल्टभोवती फिरतो, बायसचे रेझिस्टरच लागत नाहीत आणि रोधही बराच खाली येतो. ही सोय ४०६६ मध्ये नाही.


टोरॉइडवाला

एफएसटीच्या अधिक २७ या आकड्याविषयी मला शंका आहे. तो खोटा नसेल, पण तो चिपचा नसावा. आपले सूर मिक्सरमधून बाहेर पडताना २१ आणि ४१ किलोहर्ट्‌झवर असतात आणि पहिल्या ऑपॲम्पला ते अजून चांगलेच मोठे दिसतात. तिथेच इंटरमॉड्युलेशन होत असेल, तर आपण एनई५५३२ मोजत आहात. सुरांमधले अंतर वाढवून पाहा. ७०३० सोबत ७१५९ किलोहर्ट्‌झचा स्फटिक, जो जुन्या रंगीत टीव्हीच्या मापाचा असल्यामुळे मिळतो, तो लावा. मग खोटे अपत्य ६९०१ वर येईल आणि लोकल ऑसिलेटर ६९०० वर ठेवावा लागेल. आकडा सुधारला, तर अडसर मिक्सरनंतरचा आहे. 

मिक्सर स्वतः किती पुढे जाऊ शकतो याचा अंदाज हवा असेल तर कॉलिन हॉराबिन या ब्रिटिश हॅमच्या १९९३ मधल्या एच-मोड मिक्सरकडे पाहावे. त्यात सिग्नल स्विचमधून आरपार जात नाही. स्विचचे एक टोक जमिनीला असते आणि तो ट्रान्सफॉर्मरच्या टोकांना आलटून पालटून जमिनीवर आणतो. त्यामुळे स्विच चालू असताना त्याच्यावर सिग्नलचे व्होल्टेज जवळजवळ पडतच नाही, गेट आणि सोर्समधला फरक स्थिर राहतो, आणि काळजीपूर्वक बांधलेल्या मिक्सरांत एफएसटी जातीच्या साध्या बस-स्विच चिपांनीही अधिक ४० डीबीएम गाठलेले आहे. आपल्या ४० मीटरच्या रिसीव्हरला याची गरज नाही. माझ्या मते आपल्याला २० सुद्धा पुष्कळ झाले.

आणखी एक गोष्ट मोजून घ्या. चौकोनी लहरीने चालणारा मिक्सर लोकल ऑसिलेटरच्या तिप्पट वारंवारतेवरही ऐकतो, आणि ते ऐकणे मूळ पट्ट्यापेक्षा केवळ साडेनऊ डेसिबलने कमी असते. आपण ७.१५ ते ७.२ मेगाहर्ट्‌झ ऐकत असता तेव्हा तिप्पट जागा २१.४५ ते २१.६ येते, म्हणजे नेमका १३ मीटरचा प्रसारण पट्टा. तो दिवसा जागा असतो. एसए६१२ पुढे आपला एकच ट्यून मंडलाचा फिल्टर असेल तर तो येथे पुरणार नाही; अँटेना आणि मिक्सर यांच्यामध्ये निदान पाच घटकांचा लो-पास फिल्टर हवा.


कृष्णाकाठ

७४एसीटी७४ लावला. एचसी४०५३ मधली बातमीपत्राची शिट्टी २४ डेसिबलने खाली गेली आणि आता तिच्यात व एफएसटीमध्ये मला कानाने काहीच फरक करता येत नाही. मोजून ३ डेसिबलचा येतो. ७१५९ चा स्फटिक लावल्यावर एफएसटीचा आकडा अधिक ३१ झाला, म्हणजे टोरॉइडवाल्यांची शंका खरी होती आणि मघाचा २७ हा ऑपॲम्पचाच होता. एचसीचा आकडा मात्र १९ चा जेमतेम २० झाला, त्यामुळे तो तिचा स्वतःचाच म्हणावा लागेल.

तिप्पट वारंवारतेचीही खात्री पटली. परवा दुपारी ७.१८ वर जे स्वच्छ संगीत ऐकून मी पट्ट्यात कुणी घुसखोर आला असे समजत होतो, ते लो-पास फिल्टर मध्ये घालताच गेले. 

रिसीव्हरमध्ये सध्या एचसी४०५३ च ठेवली आहे. तिचे पाय पुरेसे लांब आहेत, ती सॉकेटमध्ये बसते, आणि एफएसटी३२५३ च्या बारीक पायांना डाग देताना माझ्या चष्म्याचा नंबर कमी पडतो. काल संध्याकाळी साडेसातला अँटेनाजवळचा १० डेसिबलचा ॲटेन्युएटर काढून टाकला. मागचे बातमीपत्र आले नाही, आणि ७.०५५ वर एक दुबळे स्टेशन होते ते पहिल्यांदाच पूर्ण ऐकले. ऋण ५ व्होल्टचा पुरवठा जोडून एचसीची पुन्हा मोजणी करणार आहे, ते आकडे येथेच देईन.